आतून बाहेर, बाहेरून आत

मोटरहोम म्हणजे गाडीवर चढवलेलं घर की घराला लावलेली गाडी, याचा निकाल अजून कुणी दिलेला नाही. लायसन देणाऱ्या खात्याच्या लेखी ती गाडी आहे. आमच्या हिच्या लेखी ते घर आहे, कारण त्यात मिसळणाचा डबा आहे. विमा कंपनीला ती दोन्ही वाटते आणि हप्ताही ती दोन्हींचा लावते. समुद्रकाठी ऊन खात उभी असेपर्यंत या वादाने कुणाचं काही बिघडत नाही. पत्र्याला गंज चढला, की मात्र हा तात्त्विक प्रश्न थेट खिशात हात घालतो.

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी माणसाचं एक वय असतं. घर झालेलं असतं, मुलं युनिव्हर्सिटीत गेलेली असतात, गुडघे अजून चालू असतात. ‘आता पुढे काय?’ या प्रश्नाला काही जण गोल्फ हे उत्तर देतात, काही जण सत्संग, आणि उरलेले मोटरहोम. आम्ही उरलेल्यांत. हॉटेलचं भाडं वाचतं, हा आमचा युक्तिवाद होता. मोटरहोमच्या किमतीत जन्मभर चांगल्या हॉटेलात राहता येतं हा हिशेब त्या वेळी कुणी मांडत नाही, आणि मांडलाच तर त्याला पुढच्या वेळी जेवायला बोलवत नाहीत.

या वाहनाची कुळकथा सांगितल्याशिवाय पुढचं महाभारत कळायचं नाही. मोटरहोम एका कारखान्यात जन्माला येत नाही. तोंड, इंजिन आणि चॅसी एकाकडची. युरोपातल्या पुष्कळ मोटरहोमांचं तोंड फियाट डुकाटोचं असतं आणि ते इटलीत अतेस्सा नावाच्या गावी तयार होतं. तिथला कारखाना १९८१ पासून चालू आहे. आमची कुणाची, हे मी इथे लिहीत नाही. ड्रायव्हरची केबिन पुढे आणि मागे नुसता सांगाडा, अशा अवस्थेत ही गाडी निघते आणि घर बांधणाऱ्याकडे पोचते. इंग्लंडात अशा कारखान्यांची दाटी हल शहराच्या आसपास आहे. हा दुसरा माणूस केबिनचं छप्पर कापतो आणि मागे भिंती, खिडक्या, पलंग, संडास अशी वास्तू उभी करतो. फ्रिज तिसऱ्याचा, हीटर चौथ्याचा, बाजूला उघडणारं कापडी छत पाचव्याचं. हे सगळं विकणारा डीलर सहावा. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, पुस्तिका वेगळी, मुदत वेगळी, अटी वेगळ्या. १९९७ नंतर साधं लायसन काढलेल्याला इथे ३५०० किलोपर्यंतचंच वाहन चालवता येतं, त्यामुळे आम्ही वरणाच्या डाळीचंही वजन करून सामान भरतो. त्यात या पुस्तिकांचा गठ्ठा. ही म्हणाली, पुस्तिका घरी ठेव, तेवढ्यात बासमती बसेल. पण वॉरंटीतच लिहिलंय, पुस्तिका कायम गाडीत असावी.

गंज पहिल्यांदा दिसला तो शेजारच्या आजोबांना. हे आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले आणि स्वभावाने पक्के इंग्रज. त्यांचं छप्पर उडालं तरी ते ‘आज जरा वारा आहे’ असं म्हणतील. ते कुंपणावरून म्हणाले, “तिथे रंगाला जरासं काही झालंय का?” मी लगेच चष्मा घेऊन बाहेर आलो. ड्रायव्हरच्या दारामागे, जिथे केबिनचा पत्रा संपतो आणि घराची भिंत सुरू होते, बरोब्बर त्या सांध्यावर रंगाला फोड आले होते. नखाने टोकरलं तर आतून तपकिरी भुगा.

आणि इथेच गंजाची अक्कल दिसते. एवढी मोठी गाडी. केबिनच्या मधोमध धरला असता तर ती केबिनवाल्याची डोकेदुखी होती. भिंतीच्या मधोमध धरला असता तर घरवाल्याची. पण दोन भावांच्या शेतातल्या सामाईक बांधावर नेमकं बाभळीचं झाड उगवावं, तसा तो सांध्यावर उगवला. झाड कुणाचं यावर गावाकडे दोन पिढ्या कोर्टात जातात. फरक इतकाच, की तिथे दोघेही भाऊ झाड माझं म्हणून भांडतात.

डीलरने फोटो मागवले. फोटोत गंज स्पष्ट दिसावा, शेजारी एक नाणं ठेवलेलं असावं म्हणजे आकार कळेल, आणि त्याच फोटोत नंबरप्लेटही दिसावी. नंबरप्लेट गाडीच्या पुढे असते, दुसरी मागे असते. गंज बाजूला होता. नाणं आणि नंबरप्लेट एका फोटोत आणायला ड्रोन लागला असता, आणि मग नाणं दिसलं नसतं. शेवटी हिने आरसा धरला. त्या फोटोत गंज आहे, नाणं आहे, आरशात नंबरप्लेट उलटी आहे आणि कोपऱ्यात हिचा अर्धा चेहरा आहे, त्यावर या लग्नाबद्दलचं मत स्वच्छ वाचता येतं.

चॅसीवाल्यांचं उत्तर आधी आलं. आमचा पत्रा आम्ही गंजरोधक करूनच दिला होता, पण घर बांधणाऱ्याने तो कापला. कापलेल्या कडेला आम्ही जबाबदार नाही. घरवाल्यांचं उत्तर पाठोपाठ आलं. कडेला आम्ही नियमाप्रमाणे प्रायमर मारला होता, पण गंजलेला पत्रा मूळचा चॅसीवाल्यांचा आहे. परक्याच्या पत्र्याला आम्ही जबाबदार नाही. दोन्ही पत्रं इतकी सभ्य होती, की वाचून आपणच कुणाचं तरी देणं लागतो असं वाटावं.

मग मी पुस्तिका वाचायला घेतली. वॉरंटीची पुस्तिका विकत घेण्याआधी वाचणारा माणूस मी पाहिलेला नाही; असेल तर तो वकील असेल, आणि वकील मोटरहोम घेत नाहीत. गंजाची वॉरंटी असते, चांगली घसघशीत वर्षांची असते. पण कुठल्या गंजाची? तर आतून बाहेर आलेल्या. पत्र्याच्या आतल्या अंगाला गंज लागला, तो खात खात बाहेर आला आणि पत्र्याला आरपार भोक पडलं, तर तो गंज कंपनीचा. बाहेरून आत गेला, तर तो तुमचा. म्हणजे गंजाला दिशा असते आणि ती लेखी कळवावी लागते. आता, भोक पडल्यावर तो कुठून आला होता हे कसं सांगणार? भोकाला दोन्हीकडून सारखंच दिसतं. बरं, भोक पडायच्या आत क्लेम केला तर ‘अद्याप भोक नाही’ म्हणून परत. भोक पडेपर्यंत थांबावं, तर पुढच्याच कलमात लिहिलेलं, की दोष दिसताक्षणी न कळवल्यास वॉरंटी रद्द. माझा गंज त्या वेळी नेमका या दोन कलमांच्या मधल्या वयाचा होता. कळवण्याएवढा मोठा, मान्य होण्याएवढा नाही.

त्याखाली अपवादांची यादी. उडालेल्या खड्यांनी झालेली इजा, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, कारखान्यांचा धूर, रस्त्यावरचं मीठ आणि समुद्राची हवा, यांतून आलेला गंज धरला जाणार नाही. मी माहितीपत्रक काढून पाहिलं, ज्यावर भाळून आम्ही ही गाडी घेतली होती. मुखपृष्ठावर तीच गाडी. कड्याच्या टोकावर उभी, खाली अथांग समुद्र, वर सीगल. बाजूला चिकाचं पाइनचं झाड. गाडी जिथे उभी करावी म्हणून त्यांनी पैसे खर्चून फोटो काढला, ती एकूणएक जागा त्यांनीच वॉरंटीतून वगळलेली.

मिठाचं तर विचारूच नका. चेशरमध्ये विन्सफर्ड म्हणून गाव आहे. तिथे १८४४ साली कोळसा शोधायला खणलं आणि लागलं मीठ. ती खाण आजही चालू आहे. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून रात्री ट्रक फिरतात आणि हे मातकट, तपकिरी मीठ फेकतात. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळे घसरून हाडं मोडत नाहीत, हे उत्तमच. पण लोखंड, पाणी आणि हवा यांचं जे मुळातच जमलेलं असतं, त्यात मीठ पडलं की विजेचा प्रवाह सहज वाहतो आणि गंजाची सगळी क्रिया भराभर उरकते. आपल्याकडे मीठ खाल्लं की माणूस इमानाला जागतो. इथे गाडी मीठ खाते आणि इमान सोडते.

डीलरचा तंत्रज्ञ गंज पाहायला आला, तेव्हा त्याने बाजूच्या भिंतीवर अजून एक ठिकाण दाखवलं. कापडी छताची पट्टी जिथे स्क्रूंनी बसवलेली असते, तिथे रंगाखालून पांढरी पूड येत होती. भिंतीचा बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, स्क्रू पोलादी. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण शाळेत शिकतो. इथे कळतं की त्याचा गंज पांढरा असतो, एवढंच. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवून मध्ये खारं पाणी सोडलं, की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. कोण झिजणार हे आधीच ठरलेलं असतं. (लग्नाशी याचा संबंध जोडण्याचा मोह मी आवरला. फोटोतला चेहरा आठवला.)

हे ज्ञान इंग्रजांना नवं आहे म्हणावं, तर तसंही नाही. १७६१ साली त्यांच्या आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा बंदोबस्त म्हणून. ठोकले लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षं वेस्ट इंडीजच्या पाण्यात काढून जहाज परत आलं तेव्हा पाहतात तो काय, खिळ्यांचा गंजून लगदा झालेला आणि पत्रे जागोजाग सुटलेले. मात्र काही खिळे अगदी ठणठणीत. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे त्या खिळ्यांखाली चुकून राहून गेले होते. दोन धातूंमध्ये कागदाचा कपटा आला आणि खिळा वाचला. १७६३ साली हे सगळं नीट लिहून आरमाराकडे नोंदवलं गेलं. म्हणजे स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्ये काहीतरी घालावं, हे या देशाच्या दप्तरात अडीचशेहून अधिक वर्षं लिहिलेलं आहे. माझ्या गाडीपर्यंत तो कागद अजून पोचलेला नाही.

पुढे त्याच आरमारातून निवृत्त झालेल्या डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये हौसेने भटकण्यासाठी एक घर-गाडी बांधून घेतली. ‘वाँडरर’ तिचं नाव. ब्रिस्टलला बांधलेली, महोगनी आणि मेपलच्या लाकडाची, ओढायला दोन घोडे. ती अजून शाबूत आहे. वॉरंटीची पुस्तिका नव्हती, हे एक कारण असेल.

मग आला ओलीचा विषय. भिंतीत पाणी शिरत नाही ना, हे पाहायला दरवर्षी तपासणी करावी लागते. ती ठरलेल्या तारखेच्या आसपासच करावी लागते, शिक्का घ्यावा लागतो, आणि एक शिक्का चुकला की पाणी शिरण्याची वॉरंटी संपली. तपासणारा दोन सुयांचं यंत्र भिंतीला टोचत फिरतो. पंधरा टक्क्यांच्या आत आकडा आला तर छान. विसाच्या वर गेला तर कपाळाला आठी. तिशी ओलांडली, की आतलं लाकूड सडलं असं समजून बोलणं सुरू होतं. आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यामागे आकडा विसाच्या वर गेला. तपासणाऱ्याने यंत्र खाली ठेवलं, ओट्याकडे पाहिलं, ओट्यावरच्या कुकरकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “तुम्ही आत... स्वयंपाक करता?”

हा प्रश्न त्याने ज्या आवाजात विचारला, त्या आवाजात पोलीस ‘रात्री कुठे होता?’ असं विचारतात. इथल्या मोटरहोमच्या ओट्यावर चार शेगड्या असतात, ग्रिल असतं, ओव्हन असतो, आणि त्यावर डब्यातले बीन्स गरम करून टोस्टवर घ्यायचे असा संकेत असतो. आमच्याकडे डाळ, भात, बटाटे अशी तीन भांडी कुकरमध्ये लागतात. हिने प्रांजळपणे सांगितलं, तीन शिट्ट्या. त्याने अहवालात लिहिलं: ‘वाफ. वापरकर्त्याच्या सवयीमुळे. वॉरंटीबाह्य.’

आता मात्र प्रश्न वरणभाताच्या इज्जतीचा झाला. मी त्याला रसायनशास्त्र ऐकवलं. तुमच्या सिलिंडरमधला प्रोपेन एक किलो जाळला, की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं आणि ते वाफ होऊन याच डब्यात राहतं, कारण तुमच्या शेगडीला धुराडं नाही. नुसता चहा ठेवला तरी होतं. मग चार शेगड्या दिल्यात कशाला? शोभेला? आणि दुसरं, वाफेची ओल असती तर ती खिडक्यांवर, छताला, सगळीकडे असती. ही एकाच पट्ट्यात आहे, बाहेरच्या त्या स्क्रूच्या बरोबर खाली. तो माणूस मुळात सरळ होता. स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर गेला आणि त्याने पट्टीचा एक स्क्रू काढला. स्क्रूच्या मागोमाग पाणी आलं. ते किती वेळ आलं हे मी मोजलं नाही, पण त्याचे बूट भिजले. कुकर निर्दोष सुटला. अहवालात मात्र ‘वापरकर्त्याच्या सवयीमुळे’ ही ओळ खोडून, तिथेच वर बारीक अक्षरात ‘सीलंट निकामी’ एवढंच आलं. वरणाची माफी कुणी मागितली नाही.

मधल्या काळात मालवणहून मामेसासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. आयुष्यभर खाऱ्या वाऱ्यात टेम्पो चालवलेला माणूस. खिडकीच्या गजांपासून देवळाच्या घंटेच्या साखळीपर्यंत सगळं गंजताना पाहिलेला. त्यांनी गाडी पाहिली, किंमत ऐकली, आणि एकच विचारलं, “खालसून जळका ऑइल मारलंस काय?” कोकणात पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जुनं इंजिन ऑइल फासतात, ही त्यांची वॉरंटी. इंग्लंडात वापरलेलं ऑइल असं जमिनीवर ठिबकू दिलं तर पर्यावरणवाले दारात येतील. म्हणून इथले शहाणे लोक लॅनोलिन मारतात, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं तेल. गुणकारी आहे. वासाला मात्र ते मेंढीशी प्रामाणिक राहतं. आम्ही मारलं आणि वेल्सला गेलो. सकाळी दार उघडलं तर कुंपणापलीकडे सगळा कळप आमच्याकडे तोंड करून उभा. आणि पुस्तिकेत? बाहेरून कुठलंही तेल वा मेण लावल्यास पाणी निघून जायची भोकं बुजतात, सबब वॉरंटी रद्द होऊ शकते. भोकं न बुजवता मारल्याचे फोटो मी काढून ठेवले आहेत. नाण्यासह.

शेवटी कामी आलं ते वेगळंच. २०१५ चा इथला ग्राहक हक्क कायदा. तो सांगतो, की तुमचा करार चॅसीवाल्याशी नाही, घरवाल्याशीही नाही. ज्याने पैसे घेतले त्या डीलरशी आहे. माल सदोष असेल तर पहिल्या ३० दिवसांत परत करता येतो. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो विक्रीच्या वेळी होताच असं धरतात. नव्हता, हे दुकानदाराने सिद्ध करायचं. नंतर सिद्ध करायची पाळी आपली, पण दावा मांडायला इंग्लंडात सहा वर्षं मिळतात, स्कॉटलंडात पाच. वॉरंटी ही या हक्काच्या वर दिलेली गोष्ट असते, त्याच्या जागी दिलेली नाही. डीलर इतके दिवस मला दोन कंपन्यांच्या पत्त्यांवर पोस्टमनगिरी करायला लावत होता, ती मुळात त्याची नोकरी होती.

क्रेडिट कार्डाचाही एक जुना, सुंदर कायदा आहे, १९७४ चा. कार्डाने घेतलेली वस्तू बिघडली तर बँकही दुकानदाराइतकीच जबाबदार. अट एवढीच, की वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त असावी आणि ३०,००० पौंडांच्या वर नसावी. म्हणजे टोस्टर, टीव्ही, सोफा, सगळं सुरक्षित. नव्या मोटरहोमची किंमत जिथे सुरू होते, त्याच्या कितीतरी अलीकडे हा कायदा थांबतो.

मी कलमांसह पत्र धाडलं. एका स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल जोडला, त्याचे पैसे स्वतः भरून. डीलरचा सूर पालटला. ‘कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी’ त्याने सांधा खरवडून, जस्ताचा प्रायमर मारून, नव्याने रंगवून दिला. पट्टीचे सगळे स्क्रू काढून, सीलंट भरून, परत बसवले. स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्ये या वेळी नायलॉनच्या वायसर घातल्या. ‘अलार्म’च्या तपकिरी कागदाला बढती मिळाली म्हणायची. या दुरुस्तीची बारा महिन्यांची वॉरंटी आहे आणि ती मला वेगळ्या पुस्तिकेत दिली आहे.

तेव्हा इथे कुणी मोटरहोम घेत असाल, तर आतला पलंग दाबून बघण्याआधी एक जुनी चटई अंथरून गाडीखाली शिरा आणि केबिन जिथे भिंतीला मिळते तो सांधा बोट फिरवून बघा. डीलरशी जे काही बोलणं होईल ते लेखी ठेवा. वार्षिक तपासणीची तारीख कालनिर्णयवर, चतुर्थीच्या शेजारी, लाल शाईने लिहा. आणि तपासणारा यायच्या आदल्या दिवशी कुकर घरात आणून ठेवा.